काचेच्या पट्टीची कपची

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला बहात्तरावं लागलं होतं. तोवर मी कशाला भ्यालो नव्हतो. विहिरीचा गाळ काढायला दोराला लोंबकळत उतरलो. कापसाच्या भरल्या गाडीवरून पडून बरगडी मोडली, तरी पट्टा बांधून वखर धरला. त्या साली थंडीत मात्र मला भीती लागली. आणि ती कशाची, तर नखाच्या तुकड्याएवढ्या काचेची.

आमचं शेत पाचोऱ्याकडे. गुडघे गेले तेव्हा ते बटाईने दिलं आणि आम्ही दोघं जळगावला, मेहरूणला मुलाकडे राहायला आलो. शहरात माणसाने दिवसभर करायचं काय? माझी शाळा तिसरीत सुटलेली, पेपर वाचून झाला की दिवस संपत नाही. घरचीला मात्र काम होतं. ती गोधड्या शिवायची. धुळ्याला दिलेल्या नातीने त्यांचे फोटो मोबाईलवर टाकले आणि पुण्या-नाशकाकडून मागण्या यायला लागल्या. तिचे डोळे अधू, म्हणून कापून देण्याचं काम मी घेतलं.

पहिल्या दोन-तीन गोधड्या गेल्या, मग पुण्याच्या एका बाईने एक परत पाठवली. म्हणे चौकोन वाकडे आहेत, रेषा जुळत नाहीत. घरची म्हणाली, "गोधडीमा रेषा? कोन देखस?" तिची बोली धुळ्याकडची, अहिराणी. रेषा कोण बघतं, असं तिचं म्हणणं. पण मला ते लागलं. मी पेरणीला दोरीसारखे सरळ तास धरायचो तेव्हा बांधावरचे लोक बघत उभे राहायचे. मला कुणी वाकडं म्हणावं?

नातीने माहेरी येताना पिझ्झा कापायच्या चाकासारखं गोल पात्याचं एक कटर आणून दिलं, खाली अंथरायला हिरवी चटई आणली. म्हणाली, "आबा, आता फक्त पट्टी पाहिजे. आरपार दिसणारी असते, जाड असते. ती तुम्ही घ्या."

घरात होत्या त्या पट्ट्या आधी वापरून बघितल्या. शिंप्याचा लाकडी गज घेतला, तर पात्याने त्याचीच साल निघायला लागली, आणि खालचं कापड दिसतच नाही. मग नातीची शाळेत असतानाची जुनी स्टीलची पट्टी घेतली. ती पातळ. पातं सरळ तिच्यावर चढलं आणि माझ्या अंगठ्याचं अर्धं नख घेऊन गेलं. आज मला कुणी विचारलं तर मी सांगतो, बाबा, पट्टीची जाडी आधी बघ. पातं पट्टीच्या कडेला टेकून चालतं. कड जाड नसली की ते वर चढतं, आणि वर तुझं बोट असतं. दुसरं, पट्टी कापडावर घसरते का ते बघ. आकडे, रेघा, रंग हे सगळं मागाहून.

बाजारात शिलाईचं सामान विकणारं दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदाराने पट्टी काढली. पाण्यासारखी स्वच्छ. खालच्या कापडावरचं फूल दिसत होतं, फुलावर बारीक रेघांची जाळी. हातात घेतली तर खाली ठेवूशी वाटेना. त्याने भाव सांगितला.

"एका पट्टीचा?"

"एका पट्टीचा, आबा. बाहेरून येते."

"एवढ्यात माझी कवळी होईल." खरंच, मी कवळीसाठी पैसे बाजूला टाकत होतो.

तो हसला. "मग कवळीच करा. कापड दातांनी फाडा."

दुकानातल्या दोन बाया पण हसल्या. मी पट्टी खाली ठेवली आणि बाहेर पडलो. पैसे खिशात होते, पण त्या हसण्यानंतर मी त्या दुकानातून सुईसुद्धा घेतली नसती.

परत येताना काचेच्या दुकानाबाहेर टेबलावर टाकायच्या काचा उभ्या होत्या. मी थांबलो. जाड, आरपार दिसणारी, आणि किंमत चहा-पावाची. मी आत जाऊन सांगितलं, हातभर लांब, वीतभर रुंद पट्टी काप.

काचवाल्याने विचारलं, "कशाला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "कडा घासून देतो, आबा, पण लोखंडाचं पातं लागलं तर काच उडेल. ॲक्रिलिक घ्या."

"तू काय विकतो?"

"काच."

"मग काच दे."

घरचीने ती बघितली आणि कपाळाला हात लावला. "हाई काच शे, लाकूड नही. आते घरमा लेकरू येई. काच कसाले?" नात पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, तिला आठवा सरत होता. मी म्हटलं, लेकरू काय आल्याबरोबर पट्टी उचलणार आहे? नातीने पोट सावरत बसून काचेवर नेलपॉलिशने इंचाइंचाच्या लाल रेघा मारून दिल्या. खालून मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. तसूभर घसरायची नाही. मी ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

बाळ झालं. मुलगा. तीन महिने भरत आले तशी नातीला धुळ्याला सासरी पाठवायची तयारी सुरू झाली. लेकरू आजोळाहून निघतं तेव्हा त्याच्या अंगाखाली नवी गोधडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. घरचीने तिची मऊ झालेली जुनी लुगडी काढली, आतल्या थरांना माझी धोतरं. मी त्या पट्टीने चौकोन कापले. काय सांगू, चार चौकोन जिथं भेटतात तिथं टोकाला टोक लागत होतं. पुण्याच्या त्या बाईला फोटो पाठव, असं मी नातीला दोनदा म्हणालो.

गोधडी पुरी होत आली की शेवटचा कोपरा शिवायच्या आधी घरची त्यात चिमूटभर ज्वारी टाकते. तिची आई टाकायची. गोधडी उपाशी राहू नये, तिच्याखाली निजणारा उपाशी राहू नये, म्हणून. मग कोपरा बंद करायचा. बंद झालेली गोधडी पुन्हा उसवायची नाही. फाटली तर वरून ठिगळ लावायचं, पण तिचं पोट उघडायचं नाही.

गोधडी बाळाच्या अंगाखाली गेली, बाळ धुळ्याला गेलं. चार-पाच दिवसांनी पुढच्या मागणीचं कापड आलं. मी कपाटामागून काचेची पट्टी काढली, कापडाने पुसली, आणि दर वेळी कापण्याआधी फिरवायचो तसा कडेवरून अंगठा फिरवला.

अंगठा अडकला.

खिडकीशी नेऊन बघितलं. मधल्या भागात कडेला एक बारीक कपची उडाली होती. नख कापल्यावर जी कोर पडते तेवढी. पट्टीने शेवटचं जे कापड कापलं ते बाळाचं. त्यानंतर ती कपाटामागून हलली नव्हती.

मी घरचीला हाक मारली. तिने कड बघितली. ती लगेच खाली बसून फरशी झाडायला लागली. हिरवी चटई, चिंध्यांची पिशवी, शिलाई मशीनच्या खाली, सगळं. केर परातीत घेऊन उन्हात धरला. शेवटी मान हलवली. "बठ्ठं घर झाडं. नही सापडनी."

मी नातीला फोन लावला. आधी विचारलं, बाळ कसं आहे.

"रडतोय हो, आबा. दोन दिवस झाले. पाठ टेकली की रडतो. सासूबाई म्हणतात जागा बदलली म्हणून."

पाठ टेकली की रडतो. मी म्हटलं, "गोधडी काढ. आत्ता. त्याच्या अंगाखालून काढ आणि कपडे उतरवून पाठ बघ."

"काय झालं, आबा?"

"काचेची कपची उडालीय. कापताना. गोधडीत गेली असेल."

मग बाळाचं रडणं जवळ आलं. मग ती म्हणाली, "एक लाल ठिपका आहे. खांद्याच्या खाली."

घरचीने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जा. आतेच जा." मी पट्टी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली. कशासाठी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपली वस्तू आपल्याजवळ असावी, एवढंच.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी काही बघितलं नाही. एवढीशी काच कातडीत शिरली तर कुठं जाते? लहानपणी आमच्याकडे म्हणायचे, सुई अंगात शिरली की रक्ताबरोबर फिरते आणि काळजाला जाऊन लागते. ते खरं की खोटं, हे मी बहात्तर वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. शेजारच्या माणसाने केळं पुढे केलं. म्हणाला, "घ्या आबा, दात नसले तरी चालतं." एरवी कुठल्या दिवशी म्हणाला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी केळं घेतलं आणि मुठीत धरून बसलो. धुळ्यात उतरलो तेव्हा त्याचा लगदा झाला होता.

घर गल्लीत आत. दारातच विहीणबाई उभ्या. नातीची सासू, तोंडाने फटकळ पण पाहुण्याचं पाणी चुकवायची नाही.

"या आबा. ऐकलं ते खरं का? दिलेली गोधडी परत न्यायला आलात?"

"बाळ कुठंय?"

"दवाखान्यात नेलंय. बसा."

मी बसलो नाही. दवाखाना कोपऱ्यावर होता, तिथं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाळाला पालथं धरून बॅटरीच्या उजेडात, भिंगातून पाठ बघितली. बोटाने दाबून बघितली. बाळ एवढं ओरडलं की मी दाराची चौकट धरली.

त्या म्हणाल्या, "आत काही शिरल्यासारखं दिसत नाही. ओरखडा आहे. कशाचाही असू शकतो, आजोबा. कपड्याच्या बटणाचा, कुणाच्या नखाचा."

"काचेचा?"

"काचेचाही. ती काच सापडली का?"

"नाही."

"मग सापडेपर्यंत ते पांघरूण बाळाजवळ नको. ठिपका सुजला, ताप आला, तर लगेच या."

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "बघा, काही नाही म्हणाल्या." मी म्हटलं, त्या काही नाही असं म्हणाल्या नाहीत. त्या दिसत नाही म्हणाल्या.

घरी गोधडी बाजेवर घडी घालून ठेवली होती. मी ती मांडीवर घेतली आणि चिमटीने एकेक चौकोन चाचपू लागलो. सहाव्या-सातव्या चौकोनात बोटाला काहीतरी टणक लागलं. नात म्हणाली, "ज्वारी असेल, आबा. आजीने टाकलेली." पण ज्वारी कोपऱ्यात टाकतात, हे तर मधे. थोडं पुढे आणखी एक टणक. आणखी एक. बाळ पाय मारत होतं, दाणे सरकले असतील. की दाणा नसेल. बोटाला दोन्ही सारखंच लागत होतं. मी घरचीला फोन केला. "दाणे किती टाकले होते?"

"मोजीसन कोन टाकस? चिमटीमा जितला दाना उनात तितला टाकात."

मोजून कोण टाकतं, चिमटीत आले तेवढे टाकले. बरोबरच होतं तिचं. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "उसवायची."

विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी गोधडीवर हात ठेवला. "पोट भरलेली गोधडी उसवत नाहीत. तुम्हाला माहीत नाही का? आणि तीही तान्ह्या लेकराची. माझ्या घरात नाही चालणार."

"मग अशीच घालता का त्याच्या अंगाखाली?"

"जाळून टाकू."

"पोट भरलेली गोधडी जाळतात का तुमच्याकडे?"

त्या रागाने बघत राहिल्या. मी म्हटलं, "विहीणबाई, जाळली तर काच गोधडीत होती की बाळाच्या अंगात आहे, हे कधीच कळणार नाही. मला ते कळलं पाहिजे."

हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं तर बोलून होईपर्यंत माझ्याही आलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या, हळदकुंकवाचा करंडा आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. गोधडीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, गूळ तिच्यावर ठेवला आणि हात जोडून पुटपुटल्या, "राग नको धरू, माय. लेकरासाठी उघडतोय." मग मला म्हणाल्या, "घ्या. पण कातर नाही लावायची. सुईने टाका काढायचा."

आम्ही तिघांनी सुईने टाके काढले. घरचीचा टाका बारीक, तांदळाएवढा. तिच्या हाताचं काम माझ्या हाताने सुटत चाललं. एकेक थर सुटा झाला की विहीणबाई तो काळ्या तव्यावर झटकायच्या. तव्यावर ज्वारीचे दाणे पडले. धाग्याची टोकं पडली. काच नाही. पुन्हा झटकलं. लुगड्याचं कापड उलटंसुलटं करून दिव्यापाशी धरलं. त्यावर फुलांची नक्षी, पिवळी-पांढरी, प्रत्येक फुलात मला कपची दिसायची.

"नाहीच त्यात," विहीणबाई म्हणाल्या. "तिकडेच कुठं जळगावात पडली असेल. जेवून घ्या आता."

जेवणाचं ताट समोर आलं. मी भाकरी मोडली आणि ठेवली. गोधडीत नाही, फरशीवर नाही. मग उरतं काय? नात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती दर थोड्या वेळाने त्याच्या कपाळाला हात लावायची, आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. ती मान हलवायची. ताप नाही. विहीणबाईंनी स्वतःची शाल बाळाला गुंडाळली होती. माझ्याशी त्या आता टोचून बोलत नव्हत्या, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटत होती.

नात हळूच म्हणाली, "आबा, मी ती खरी पट्टी मागवते. माझ्या पैशाने."

"तू मागवायची नाही. मी घेईन."

"आणि कवळी?"

"दातांची काय घाई आहे? भाकरी दुधात भिजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन गच्चीवर आलं तसं मी सगळे थर वर नेले. सतरंजी झटकून अंथरली, तिच्यावर पहिलं धोतर पसरलं. मग सदरा काढला, बंडी काढली आणि उघड्या अंगाने त्याच्यावर आडवा झालो. माझी बोटं नांगराने मरून गेलीत, त्यांना दाणा आणि काच कळत नाही. पण पाठीचं कातडं अजून जिवंत आहे. मी हळूहळू लोळलो, या कुशीवरून त्या कुशीवर, मग पोटावर. थंडी मरणाची होती. पहिल्या थरात काही नाही. दुसरा पसरला.

विहीणबाई कपडे वाळत घालायला वर आल्या आणि जिन्यातच थांबल्या. "अगं बाई! आबा, नवस फेडताय का?"

"बाळाच्या आधी मी निजून बघतोय."

शेजारच्या गच्चीवरचा एक माणूस दात घासत उभा राहून बघत होता. बघू दिलं. तिसरं लुगड्याचं, वरच्या चौकोनांचं. त्यावर पाठ टेकून मी एकदा खाली सरकलो, आणि डाव्या खांद्याखाली टोचलं.

मी जागेवर थिजलो. श्वास धरला. हललो तर ती पुन्हा सरकेल. "पोरीला बोलवा," मी विहीणबाईंना म्हटलं. "चिमटा घेऊन ये म्हणावं. पळत."

नात बाळाला सासूच्या हातात देऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आबा, हळू कुशीवर व्हा." मी झालो. तिने दोन चौकोनांच्या शिवणीच्या दुमडीत अडकून बसलेली कपची चिमट्याने काढली. तिच्या टोकाला माझं रक्त लागलं होतं. तिने ती तळहातावर धरली आणि ती रडायला लागली. विहीणबाई म्हणाल्या, "सापडली ना? मग आता रडतेस कशाला?" आणि त्याही डोळे पुसायला लागल्या.

मी खालून पिशवीतली पट्टी आणायला लावली. टॉवेल सोडला. नातीने चिमट्याने कपची उचलून पट्टीच्या कडेला, जिथं खोबण होती तिथं लावून धरली. बरोबर बसली. या बाजूचा उतार जुळला, वरची रेघ जुळली. मी पट्टी उन्हाकडे तिरपी करून डोळ्याजवळ नेली.

खालच्या टोकाशी खसखशीच्या दाण्याएवढी जागा अजून रिकामी होती.

नात म्हणाली, "आबा, ते कापडात घासून झिजलं असेल." विहीणबाई म्हणाल्या, "आता पुरे करा, थंडी बाधेल." बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं.

मी तेच लुगडं झटकून पुन्हा पसरलं आणि त्याच्यावर आडवा झालो. मग पुढचा थर घेतला.